वर्षभर लेगो: तुमचे प्रश्न, आमच्या घरातली उत्तरं

वर्ष झालं की हो. या सदरात पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आमच्या घरात नुकतंच ठरलं होतं, रविवारी जेवणं झाली की हॉलमधे चटई टाकायची, लेगोचा डबा पालथा करायचा, मोबाईल बेडरूममधे ठेवायचे आणि चौघांनी मिळून काहीतरी बांधायचं. चौघं म्हणजे मी, हे, सहावीतली थोरली आणि दुसरीतला धाकटा. ते अजून चालू आहे आणि मनापासून सांगते, या वर्षात आमच्या घराला मिळालेली ही सगळ्यात चांगली सवय आहे. वर्षभरात बरीच पत्रं आली, त्यातली काही घेतलीत, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका, सारखेच प्रश्न होते म्हणून एकेकच घेतलाय.

होटगी रोडवरून एक वडील लिहितात: मुलाच्या वाढदिवसाला मोठा सेट आणला. दोन दिवसांत बांधून झाला आणि आता कपाटावर आहे, तो ढुंकून बघत नाही. तुमचं वर्षभर कसं काय टिकलं? दर महिन्याला नवीन सेट आणता का?

नाही हो दादा, दर महिन्याला कुठून आणणार. तुमचा दोन दिवसांत संपला कारण पुस्तिकेत होतं तेवढंच बांधलं गेलं. पुस्तिकेला मी नावं ठेवत नाहीये, पहिल्यांदा तसंच बांधावं, त्यातून मुलांच्या हाताला कळतं की कुठला पीस कशासाठी असतो. पण ते झाल्यावर सगळं सोडून एका डब्यात टाकायचं आणि आधीच्या सगळ्या पीसमधे मिसळून टाकायचं, खरा खेळ मला तरी तिथून पुढेच वाटतो. हे जमतं कारण माप बदललेलं नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळण्यांपासून हा उद्योग सुरू केला, आज आपण बघतो ती वर बटणं आणि आत नळ्या असलेली वीट त्याच्या मुलाच्या काळात आली, तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. म्हणजे तुमच्या मुलाचा सेट जुना झाला असं काही नसतंच, तो पुढच्या प्रत्येक सेटमधे भर घालतो.

आणि थोड्या पीसमधे किती होतं ते बघा. आठ बटणांच्या दोन सारख्या विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारे जोडता येतात. तशाच सहा घेतल्या तर? कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी कॉम्प्युटरवर मोजून काढलंय, ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. फक्त सहा विटा, एकाच रंगाच्या! हे मी थोरलीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना, ती दोन विटा घेऊन २४ मोजत बसली आणि शेवटी जमवले तिने.

आमच्याकडे टिकलं त्याचं कारण मात्र पाळी. रविवारी ज्याची पाळी तो मिस्त्री, बाकीचे तिघं बिगारी. काय बांधायचं ते मिस्त्री ठरवणार आणि बिगाऱ्यांनी हुज्जत घालायची नाही, सुचवायचं असेल तर एकदाच सुचवायचं. धाकट्याच्या हाताखाली त्याचे वडील पीस शोधून देतात, रंग चुकला तर परत शोधतात, आणि त्या दिवशी त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण सात वर्षांच्या माणसाचं घरात एरवी कोण ऐकतं. विषय शक्यतो आपल्या सोलापुरातलाच घेतो. भुईकोट किल्ला केला, करडे पीस अर्ध्या भिंतीतच संपले म्हणून बुरूज लाल-पिवळे झाले आणि तसेच छान दिसले. सिद्धेश्वर मंदिर केलं, तलावासाठी निळ्या प्लेट आणि भोवती मंदिराकडे जाणारी वाट. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या कमानींना तर दोन रविवार गेले. सेटच्या खोक्यावर कुठलातरी परदेशी वाडा असतो, तो मुलांनी पाहिलेला नसतो, त्यामुळे चूक की बरोबर हे पुस्तिकाच सांगणार. इंद्रभुवन त्यांनी स्वतः बघितलंय, मग भांडणं पण खरी होतात, इथे खिडक्या तीन आहेत की चार, आणि संध्याकाळी गाडीवरून जाऊन मोजून यायचं.

शिवाय एक वही ठेवलीय, साधी दोनशे पानी. बांधून झालं की फोटो काढून प्रिंट चिकटवायचा, मिस्त्रीचं नाव, तारीख, आणि काय जमलं नाही ते दोन ओळींत. लिहितात मुलं, आम्ही शुद्धलेखन तपासत नाही. पाहुणे आले की पहिली ती वही बाहेर येते.

जुळे सोलापूरमधल्या एका ताईंचं पत्र: माझा नऊ वर्षांचा मुलगा बांधलेलं काहीच मोडू देत नाही, रडतो. शोकेस भरलं, टीव्हीच्या वर भरलं. धूळ पुसून मी थकले. तो शाळेत गेल्यावर हळूच मोडून ठेवू का?

नका ताई, हे एक नका करू. घरी आल्यावर त्याला कळणारच, आणि मग तो पुढचं सगळं तुमच्यापासून जपायला लागेल. त्याने मेहनतीने केलंय, त्याला ते जावंसं वाटत नाही यात त्याचं काही चुकत नाहीये. त्याला एक फळी द्या, हक्काची, त्यावर काय ठेवायचं ते पूर्ण त्याचं. फळी भरली आणि नवीन ठेवायचं असेल तर जुन्यातलं एक उतरवायचं, कुठलं ते तोच सांगणार. उतरवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, वरून पण एक, म्हणजे परत बांधायचं म्हटलं तर बांधता येतं. आणि मोडायला तुम्ही शेजारी बसा, रंगानुसार वाट्या मांडा. मुलांना उघडून बघायला आवडतंच, आत काय लपवलं होतं ते त्यांनाच माहीत असतं, ते दाखवत दाखवत कधी सुटं झालं कळत पण नाही.

ओघात सांगते, काही जणांनी विचारलंय की फेविक्विकने चिकटवून टाकलं तर कायमचं राहील का. राहील, पण ते पीस कायमचे गेले. माझ्या मते घरात कुणीच चिकटवू नये.

अक्कलकोट रोडवरून: आवड आहे पण परवडत नाही. एवढं महाग का असतं? आणि बाजारात अर्ध्या किमतीत मिळतात ते ब्लॉक घ्यावेत का?

महाग आहे हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माल चांगला असतो म्हणून किंमत असते ते एक, पण आपल्याकडे वरून कस्टम ड्युटी पण आहे, बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवर २०२० च्या बजेटमधे ती २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मधे ७० टक्के. म्हणून परदेशातल्या किमती बघून जीव जाळून घेऊ नका.

सुरुवातीला सिनेमातल्या गाड्या, विमानं असले सेट घेऊच नका, त्यात काही पीस असे असतात की दुसरीकडे वापरणं अवघड जातं. क्लासिक नावाचा नुसत्या सुट्या विटांचा डबा मिळतो, त्यातला मधला ४८४ पीसचा आहे, चौघांच्या घराला तो सहा महिने पुरतो. पुण्या-मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे विचारा, मोठ्या झालेल्या मुलांचे डबे माळ्यावर पडलेले असतात आणि जुन्याचं नव्याशी जमतं हे वर सांगितलंच.

स्वस्तातल्यांचं म्हणाल तर घ्या, पण दोन गोष्टी दुकानातच बघा. खोक्यावर आयएसआय मार्क आहे का, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, नसेल तर ठेवा परत. आणि एखादं खोकं उघडून मिळालं तर दोन विटा जोडून वरची धरून उचला, खालची पडली नाही पाहिजे आणि सोडवताना नखं पण तुटली नाही पाहिजेत. ज्यात ही पकड नीट नसते त्यावर मूल चिडतं आणि आपल्याला वाटतं याला आवड नाही.

आणि ब्लॉकच पाहिजेत असं कुठंय. आमच्या ह्यांचं सगळं लहानपण मेकॅनिक्सच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नटबोल्टमधे गेलं, ते अजून मिळतं आणि पाना फिरवायला मुलांना जाम आवडतं. त्याहून स्वस्त पाहिजे तर अरविंद गुप्तांची आगकाड्यांची पद्धत. आयआयटीत शिकलेला हा माणूस पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कित्येक वर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवत होता, २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणायची, बारीक तुकडे करायचे, आणि गुल काढून टाकलेल्या आगकाड्यांची टोकं त्यात खुपसायची, झाला सांधा. चौकोन करून दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. पुलाला, मोबाईलच्या टॉवरला त्रिकोण त्रिकोण का असतात ते पोराला हातातच कळतं, खर्च चहाच्या कपाएवढा. आम्ही एक अख्खा रविवार हेच केलं होतं आणि कुणाला लेगोची आठवण आली नाही.

उत्तर कसब्यातून पाचवीतली एक वाचक: मला गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतली मिरवणूक करायची आहे. सात नंदीध्वज, म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्या, करायचे आहेत पण काठी उंच झाली की मोडते. काय करू?

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला बाळा, सातच्या सात करायचे म्हणतेस हे किती छान. आता तुझी काठी का मोडते बघ. तू एका बटणाच्या विटा एकावर एक लावत असणार. वरून दाबलं तर त्या मजबूत असतात पण बाजूने जरा ढकललं की नाही, आणि काठी जेवढी उंच तेवढा खालच्या सांध्यावर जोर जास्त पडतो, म्हणून ती बहुतेक खालच्या बाजूलाच मोडत असणार, बरोबर ना?

दोन उपाय आहेत. पहिला गवंडी काकांचा. बांधकामावर बघ, ते एका विटेचा सांधा दुसऱ्या विटेच्या सांध्यावर कधी येऊ देत नाहीत. तू दोन बटणांच्या विटा घे, दोन शेजारी शेजारी ठेवल्या की चौरस होतो, त्याच्यावर पुढच्या दोन आडव्या ठेव, परत उभ्या, परत आडव्या. प्रत्येक थर खालच्या दोघींना बांधून ठेवतो, काठी जाड होते पण मोडत नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. चार बटणांची गोल वीट असते ना, तिच्या मधोमध अधिक चिन्हासारखं भोक असतं. अशा गोल विटा लाव आणि आतून सायकलचा स्पोक घाल, पंक्चरच्या दुकानात जुने स्पोक मागितले की देतात, टोकाला टेप लाव म्हणजे टोचणार नाही आणि हे बाबांना शेजारी बसवूनच कर. काही जण म्हणतात की लेगोत बाहेरचं काही घालायचं नाही, तू त्यांचं ऐकू नको, तुझी काठी उभी राहणं महत्त्वाचं.

उंची किती? लेगोचा माणूस साधारण ४ सेंटीमीटर असतो. त्याच्या पाच पट धर, म्हणजे २० सेंटीमीटर, स्पोक तेवढ्याला पुरून वर थोडा उरतो, त्या टोकाला सजावट कर. खाली निदान आठ बाय आठची प्लेट पाहिजे, नाहीतर सजावटीच्या वजनाने कलंडेल. माणसं पांढऱ्या अंगाची निवड, बाराबंदी दिसली पाहिजे. सात काठ्यांना पुरतील एवढे गोल पीस नसतील तर दोन काठ्या स्पोकच्या कर आणि पाच गवंड्याच्या पद्धतीने, मिरवणुकीत मागच्या काठ्या जरा जाड दिसल्या तर काही बिघडत नाही. फोटो नक्की पाठव, जिथे अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याचा पण केलास तर फारच मस्त.

सात रस्त्यावरून: आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा, याने हे ब्लॉक खराब होतात का? कसे धुवायचे?

उन्हाळ्याने नाही होत, हे एबीएस प्लास्टिक आहे, ते मऊ पडायला साधारण १०० डिग्रीच्या आसपास जावं लागतं, आपल्या ४४-४५ ला काही होत नाही. पण उन्हात ठेवू नका, खिडकीतल्या थेट उन्हाने पांढरे आणि निळे पीस पिवळट पडतात आणि ते सहज जात नाही. धुवायचं तर ४० डिग्रीच्या आतलं पाणी, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीच्या टाकीचं पाणी सोडलं तर हात भाजतो, त्यामुळे सकाळचं घ्या. भाजीच्या जाळीच्या पिशवीत भरून बादलीत साबणाच्या पाण्यात खळबळायचे, पंख्याखाली पंचावर पसरायचे. वॉशिंग मशीन नको. मोटरवाले आणि स्टिकरवाले पीस पुसूनच घ्या. नळाला ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी हे काम काढा आणि ते पाणी मोरीत न सोडता दुसरी धुणी-पुसणी त्यात उरका.

विजापूर नाक्याहून: मोठा बारा वर्षांचा, धाकटी अडीचची. ती सगळं तोंडात घालते, मग मोठ्याने खेळायचंच नाही का?

तीन वर्षांखाली बारीक पीस अजिबात नाही, घशात अडकण्याची भीती खरी आहे. तिला डुप्लो म्हणजे लेगोचेच मोठे ठोकळे द्या, ते लांबी-रुंदी-उंची सगळीकडून दुप्पट असतात आणि मोठ्याच्या विटा त्यांच्यावर बसतात. पाया तिचा, वरचं त्याचं, पण वरचं काम ती झोपल्यावर.

अशोक चौकातून एक आजोबा: चादरीच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं, डिझाईनचे ग्राफ काढायचो. आता घरी बसून असतो. नातू लेगो खेळतो, मी नुसता बघतो. मला यात काही करता येईल का? या वयात हसतील का लोक?

आजोबा, कोण हसतंय बघू. उलट तुम्हाला जे येतं ते आमच्यासारख्यांना वर्षभर झगडून पण आलं नाही. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समधे लियाँच्या जकार नावाच्या विणकराने नक्षीचा माग काढला, कार्डावर भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली, आणि त्या कार्डाच्या आधी कुणीतरी ग्राफच्या एकेका चौकोनात रंग भरलेला असतो. ते तुम्ही केलंय. लेगोत त्याला मोझॅक म्हणतात आणि लोक त्यासाठी कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर वापरतात, तुम्हाला ग्राफपेपर आणि पेन्सिल बास आहे.

नातवाबरोबर सोलापुरी चादर करा. आडव्या पाटावर एकेका बटणाचे पीस लावून करायला जाल तर ३२ बाय ३२ च्या पाटाला १०२४ पीस लागतात, फार खर्च. त्यापेक्षा भिंत बांधा, उभी, एका बटणाच्या जाडीची, आणि नक्षी समोरून दिसू द्या. जिथे एकच रंग लांब जातो तिथे चार बटणांची, सहा बटणांची वीट लागते, पीस कितीतरी कमी. फक्त एक लक्षात ठेवा, समोरून बघितलं तर इथला चौकोन चौरस नसतो, एक बटण ८ मिलिमीटर रुंद आणि विटेची उंची ९.६. तुम्हाला हे नवीन नाही, ताणा-बाण्याच्या दाटीप्रमाणे ग्राफचा चौकोन लांबट घ्यावा लागतो ते तुम्ही आयुष्यभर सांभाळलंत, आम्हाला मात्र आमचं कमळ उभट का दिसतंय ते कळायलाच बराच वेळ गेला. हिशोब असा, ३० बटणं रुंद आणि २५ थर उंच घेतलं की बरोबर २४ सेंटीमीटरचा चौरस होतो. तेवढाच ग्राफ आखा.

नक्षी शंकरपाळ्याची घ्या, पायऱ्यापायऱ्यांची. सरळ उभ्या पट्ट्या नकोत, कारण दोन रंगांचा जोड थरामागून थर एकाच रेषेत आला की भिंत तिथे उभी चिरते, मागावर धागा लांबवर बांधला न जाता सुटा राहिला की जसं होतं तसंच. तिरपी नक्षी असली की जोड आपोआप सरकत जातो. पट्टी पाहिजेच असेल तर काठाला आडवी घ्या. रंग तीनच ठेवा, नातवाच्या डब्यात ज्यांचे पीस जास्त असतील ते, आधी त्याला मोजायला लावा आणि मग ग्राफ काढा. तुम्ही ग्राफ वाचायचा आणि त्याने लावायचं, खालच्या थरापासून वर, "लाल चार, पांढरे दोन, लाल एक" असं. दोन थर झाले की जागा बदला, त्याला वाचू द्या. डोळ्यांना बारीक पीस त्रास देत असतील तर दुपारच्या उजेडात बसा आणि पीस पांढऱ्या ताटात घ्या, उठून दिसतात. काढताना दातांनी किंवा नखांनी ओढू नका, बऱ्याच डब्यांत नारिंगी रंगाचा चपटा पीस असतो तो त्यासाठीच आहे, नातवाला विचारा, तो दाखवेल.

आणि तुमचा ग्राफ झाला की त्याची झेरॉक्स या सदराकडे पाठवा आजोबा, पुढच्या वेळी माझी मिस्त्रीची पाळी येईल तेव्हा आमच्या घरी तीच चादर बांधायची असं मी आत्ताच सांगून ठेवलंय.